चौथा सड

वैशाख लागला आणि वानखड्यांच्या अंगणातली बोअर खोकायला लागली. बटण दाबलं की आधी हवा, मग लाल चिखल, मग पुन्हा हवा. तलावांचं शहर म्हणून भोपाळची मोठी ऐट, पण करोंदच्या मंडीमागच्या या वस्तीला त्या तलावांनी कधी चूळ भरायला पाणी दिलं नव्हतं. टँकर यायचा तो लहरीवर. आला की बायका ड्रम घेऊन धावायच्या, आणि दिलीप वानखडेची बायको मंजूषा सगळ्यांत जास्त ड्रम लावते म्हणून बोलणी खायची.

"भाभी, घर में तीन जने हो, पानी पूरी बारात का भरती हो," शेजारीण म्हणायची.

माणसं तीनच, हे खरं होतं. दिलीप, मंजूषा आणि दिलीपची आई कुसुमबाई. पण चौथी जमना होती, आणि ती म्हैस एकटीच वऱ्हाडाएवढं पाणी प्यायची.

एके काळी इथे गव्हाची शेतं होती. दिलीपचे वडील शांताराम सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांनी ही जागा घेतली तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. कुसुमबाई वरूडकडची, शेतकऱ्याची लेक. तिनं त्या जागेवर आधी गोठा बांधून घेतला, घर मागाहून. भोपाळात पन्नास वर्षं काढली, बाजारात हिंदी बोलली, मराठी मंडळातल्या बायकांशी जमेल तसं पुणेरी बोलली, पण म्हशीशी बोलायची ती अस्सल वऱ्हाडी. जमना बेरसियाच्या बाजारातून आणलेली, पण तिला हिंदीत हाक मारली तर ती कानसुद्धा हलवायची नाही. "अख्ख्या भोपाळात वरूडचं बोलणं कळणारी ही एकच म्हैस," असं शांताराम हयात असताना थट्टेनं म्हणायचे.

पौषातल्या थंडीत जमनाचं रेडकू मेलं. रेडकाशिवाय म्हैस पान्हा घालत नाही. सरकीची ढेप दाखवली, कास गरम पाण्यानं शेकली, काही उपयोग झाला नाही. मग कुसुमबाई स्टूल घेऊन तिच्या पोटाशी बसली, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि बोलत राहिली. जमनानं दूध सोडलं. तेव्हापासून तोच पायंडा पडला. कुसुमबाईच्या बोटांत आता जोर उरला नव्हता, म्हणून धार मंजूषा काढायची आणि बोलायचं काम सासूकडे.

"हौ व जमने, आली मी. आली न तुही माय. सरक जराशी. हां, तशी. पाय मांगं घे. कोनी नाई मारत तुले. घाई नाई, काई नाई. सोड माये, सोड आता."

कासेचे तीन सड बादलीत आणि चौथा रेडकाचा, हा कुसुमबाईच्या माहेरचा रिवाज. तिसरा सड रिकामा होत आला की ती मंजूषाच्या मनगटावर दोन बोटं आपटायची. "बस झालं. राहू दे लेकराले." लेकरू जाऊन महिने झाले होते. मंजूषा मुकाट्यानं उठायची, सासूला घरात नेऊन बसवायची, आणि परत येऊन तो चौथा सड पिळून घ्यायची. दूध तसंच राहिलं तर कास दगडासारखी होते. हे तिनं सासूला कधी कळू दिलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की गोठ्याबाहेर कुसुमबाईचं बोलणं संपत आलं होतं.

आधी नावं गेली. दिलीपला ती आपल्या भावाच्या नावानं हाक मारू लागली, मग नुसतंच "तो". मग वस्तू गेल्या. पळी हवी असली की "ते दे... ते, हे नाई का... ते ढवळ्याचं" म्हणून हवेत हात फिरवायची. कोणी पळी हातात दिली तर बरं, नाहीतर रागानं डोळ्यांत पाणी यायचं. हिंदी तर मागे वळूनही न बघता निघून गेली. टँकरवाल्यानं "अम्मा, हटो" म्हटलं की ती त्याच्याकडे बघत तिथेच उभी राहायची. पोट दुखत होतं तेव्हा दोन दिवस ती "दार लाव, दार लाव" म्हणत होती, आणि मंजूषा बिचारी घरातली सगळी दारं लावत होती.

डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, "शब्द असेच जात राहतील. यांच्याशी जवळ बसून बोला. एका वेळी एकच गोष्ट. हात लावून बोला. घाई करू नका." मंजूषानं मान डोलावली. पहाटे दिलीपला मंडीदीपच्या कारखान्याची बस गाठून द्यायची, मग शेण, मग टँकर, मग सासूची आंघोळ. ज्या घरात जेवायलासुद्धा कोणी धड बसत नव्हतं, तिथं घाई करू नका म्हणणाऱ्या डॉक्टरचं काय जात होतं!

चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत करता येतं, म्हणून मंजूषानं ते लांबवत लांबवत शेवटी उरकलं. माहेर तिचं इंदूरचं, मास्तरांचं घर. चार बायका आल्या, मंडळातल्या निर्मलाताई आल्या. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. कुसुमबाईला धुतलेलं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं आणि ती शांत होती. मंजूषा तिच्यापुढून पन्ह्याचा ट्रे घेऊन जायला लागली, तशी कुसुमबाईनं तिच्या ढुंगणावर सणसणीत चापट मारली.

"सरक व! पाय मांगं घे! कुठी शेन टाकतं, कुठी नाई!"

ट्रे हलला, पन्हं निर्मलाताईंच्या साडीवर सांडलं. एक बाई हसली आणि मग हसल्याबद्दल खोकली. निर्मलाताई "असू दे, असू दे, वयच आहे त्यांचं" म्हणत राहिल्या आणि रुमालानं साडी पुसत राहिल्या. मंजूषा मोरीत जाऊन ट्रे घासत बसली. बायका गेल्यावरच ती बाहेर आली.

संध्याकाळी दिलीप आला. ती म्हणाली, "अहो, विका ती म्हैस."

"आईचं काय मग?"

"आईंचं काय? आई मला म्हैस समजतायत, तुम्हाला माहितेय? चार लोकांसमोर! पाणी मी भरायचं, शेण मी काढायचं, आणि वरून हे. मी परेशान झालेय आता. विका."

दिलीपच्याही मनात तेच होतं, फक्त ते बायकोच्या तोंडून यायला हवं होतं. तो म्हणाला, "तू म्हणतेस तर बघतो." आणि हातपाय धुवायला गेला.

ईंटखेडीचा कमलसिंग म्हशी घ्यायचा-विकायचा. तो आला, जमनाचे दात पाहिले, कास चेपून पाहिली, शेपटी उचलून पाहिली.

"बच्चा?"

"ठंड में मर गया," दिलीप म्हणाला.

"फिर किसके हाथ पे लगी है?"

"किसी के भी हाथ पे दे देती है. सीधी है एकदम."

कमलसिंगनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हशीच्या बाजारात सगळेच खोटं बोलतात, पण त्याला एक रीत आहे. घेणारा लागोपाठ तीन वेळची धार डोळ्यांनी बघतो. सांज, सकाळ, पुन्हा सांज. त्यात जे दिसेल ते खरं.

तीन वेळा कमलसिंग येऊन दारात उकिडवा बसला. तीन वेळा मंजूषानं बादली लावली आणि दिलीपनं आईला हाताला धरून स्टुलावर आणून बसवलं. कुसुमबाईनं कपाळ टेकवलं आणि तिचं तोंड उघडलं. घरात तिला पाणी मागता येत नव्हतं. इथे वाक्यामागून वाक्य येत होतं, कुठे अडत नव्हतं, कुठे शोधावं लागत नव्हतं.

"अम्मा क्या कह रही हैं?" कमलसिंगनं विचारलं.

"कुछ नहीं," दिलीप म्हणाला. "उमर हो गई है. बड़बड़ करती रहती हैं."

बादलीत फेस चढत होता. मंजूषानं मान वर केली नाही. मनगटावर दोन बोटं आपटली, "बस झालं, राहू दे लेकराले," आणि ती थांबली. सासूच्या बोलण्यावर सासूची म्हैस विकली जात होती. सासूला ते कळत नव्हतं आणि सुनेला कळत होतं. चुलीत जावो ते हळदीकुंकू, नका विकू म्हैस, असं एकदा मंजूषाच्या अगदी ओठावर आलं. पण दारात टँकरसाठी लावलेले रिकामे ड्रम दिसत होते. तिनं बादली उचलून बाजूला ठेवली.

न्यायच्या दिवशी कुसुमबाईला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं. टेम्पो मागे घेतला, फळी लावली. जमनानं चारही पाय रोवले. कमलसिंगनं शेपटी पिरगाळली, त्याच्या माणसानं मागून खांदा लावला. फळीवर चढताना जमना एकदाच हंबरली.

"आली व!" आतून आवाज आला. "आली मी! आली!"

दार बाहेरून लावलेलं होतं. टेम्पो वळून रस्त्याला लागेपर्यंत कुसुमबाई आतून तेच म्हणत राहिली. मग थांबली.

ती जी थांबली ती थांबलीच. "ते" नाही, "हे" नाही, रागावणं नाही. संध्याकाळ झाली की स्टूल उचलून गोठ्यात जायची, खुंट्याजवळ बसायची, खुंट्याकडे बघायची. अंधार पडायच्या आत मंजूषा तिला हात धरून आणायची. पाणी वाचलं होतं, शेण उरलं नव्हतं, शेजारीण गोड बोलायला लागली होती. मंजूषाला दुपारी पाठ टेकायला मिळू लागलं. पण तिला झोप येईना.

मग कुसुमबाई जेवायची थांबली. घास तोंडात घ्यायची आणि तसाच गालात धरून बसायची. "आई, गिळा. आई, चावा ना. आई, तोंड उघडा, पाणी प्या, असं नका करू," मंजूषा एका दमात सगळं सांगायची. कुसुमबाई तिच्याकडे बघायची आणि घास ओठातून बाहेर घरंगळायचा. गालाची हाडं वर आली. आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागू लागले. दिलीपनं डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन दिवस बघा, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, दवाखान्यात घेऊन या.

"नळी घातली तर त्या ओढून काढतील," मंजूषा म्हणाली.

"हात बांधतात," दिलीप म्हणाला. दोघांनी जेवण तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दिलीप कामावरून येतो न येतो तोच कमलसिंगचा फोन आला. तो ओरडत नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"भैया, झूठ बोले तुम. दूध चढ़ा के बैठी है. हाथ लगाओ तो लात मारती है. मेरा लड़का तो दूध उतारने की सुई लगाने को कह रहा है. मैं सुई नहीं लगाता, पर अब क्या करूँ? या तो वापस ले जाओ, या अम्मा से बुलवा दो. तुम बड़बड़ बताए थे न, वही बड़बड़ सुनवा दो इसको."

वापस आणायची तर पाणी कुठलं? दिलीपनं फोन आईच्या कानाला लावला. "आई, बोल. जमना आहे. बोल ना, रोज बोलायचीस ते." पलीकडे साखळी वाजत होती, कमलसिंग "हो, हो" करत होता. कुसुमबाईनं फोन कानापासून काढला, पदरानं पुसला आणि लेकाच्या हातात परत दिला.

दिलीप खाली बसला. "नाही बोलत," तो फोनमध्ये म्हणाला. "अब नहीं बोलतीं."

मंजूषानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि ती गोठ्यात गेली. नवऱ्यासमोर हे करायची तिला लाज वाटत होती.

धार काढायच्या आपल्या जागेवर ती बसली. "भैया, फोन उसके कान के पास रखो," ती म्हणाली. मग घसा साफ केला. "जमना, ए जमना. अगं दूध दे ना, शहाणी ना तू." पलीकडून लात बसल्याचा आणि बादली कोलमडल्याचा आवाज आला. मास्तरांच्या घरचं इंदुरी मराठी म्हशीला काय कळणार! मंजूषाला हसू आलं, रडूही आलं. जिथं जमनाची कूस असायची, तिथं आता नुसता गोठ्याचा लाकडी खांब होता. तिनं त्याला कपाळ टेकवलं.

"हौ व जमने," ती म्हणाली. "आली मी. आली न तुही माय."

इतके दिवस ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालं होतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली न्यायचा, तेसुद्धा. "सरक जराशी. हां, तशी. पाय मांगं घे. कोनी नाई मारत तुले. घाई नाई, काई नाई." ती बोलत राहिली. तोंड कोरडं पडलं तरी बोलत राहिली. पलीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. मग कमलसिंग दबक्या आवाजात म्हणाला, "उतर रहा है. थोड़ा-थोड़ा. बोलती रहो भाभी."

संपलं तेव्हा तो म्हणाला, "ये मोबाइल में भर के भेज देना. सुबह-शाम लगा दूँगा." आणि वर म्हणाला, "अम्मा को राम-राम कहना."

मंजूषानं फोन ठेवला आणि मागे पाहिलं. गोठ्याच्या दारात कुसुमबाई उभी होती. हातात स्टूल होतं. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिचे ओठ जरासे उघडे होते, काही आठवल्यासारखे हलत होते.

मंजूषा उठली, स्वयंपाकघरात गेली, वाटीत दूधभात मऊ कालवला. दूध पिशवीचं होतं. परत आली तर कुसुमबाई खुंट्याजवळ स्टुलावर बसलेली. मंजूषा तिच्या डाव्या अंगाला उकिडवी बसली आणि पाठीवर हात ठेवला. जवळ बसून, हात लावून, एका वेळी एकच गोष्ट, घाई नको. डॉक्टरनं जे सांगितलं होतं ते ही बाई गोठ्यात रोज दोन वेळा करत होती, आणि ते ओळखायला मंजूषाला म्हैस विकावी लागली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. राग गिळून तिनं घास उचलला. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, सासूला अहोजाहो करणं तिनं कधी सोडलं नव्हतं.

"हौ व माये," ती म्हणाली. "आली मी. तोंड उघड."

कुसुमबाईनं तोंड उघडलं.

"हां, तशी. चाव. घाई नाई, काई नाई. कोनी नाई मारत तुले." पाठीवर हात फिरत होता. "सोड आता. सोड माये."

कुसुमबाईच्या गळ्याची घाटी वर आली आणि खाली गेली. घास उतरला. मंजूषानं दुसरा दिला, मग तिसरा. मधेच एक घास गालात अडकला, तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हौ व माये, आली मी. तोही उतरला.

दारात सावली पडली. दिलीप होता. अजून कारखान्याच्याच कपड्यांत.

"अगं, हे काय बोलतेस तू आईला? म्हशीसारखं—"

"गप बसा तुम्ही," मंजूषा मान न वळवता म्हणाली. "बडबड नाहीये ही."

आईच्या हनुवटीवरचा भात मंजूषा पुसत होती आणि आई तो पुसू देत होती. दिलीपच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यानं त्या शर्टाच्या बाहीनं पुसल्या, पुन्हा आल्या, मग पुसायचं सोडून दिलं.

वाटीच्या तळाशी थोडासा भात राहिला. मंजूषानं तो गोळा केला, शेवटचा घास उचलला. तोच तिच्या मनगटावर दोन बोटं आपटली.

"बस झालं," कुसुमबाई म्हणाली. आवाज गंजला होता, पण शब्द एकही अडला नाही. "राहू दे लेकराले."

मंजूषाचा हात तिथल्या तिथे थांबला. आजवर त्या हातानं लेकराचा वाटा रोज मागाहून पिळून घेतला होता. तिनं घास वाटीत ठेवला आणि वाटी दाराकडे धरली.

"घ्या," ती दिलीपला म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलंय."

दिलीपनं वाटी घेतली. आई त्याच्याकडे बघत होती. तो खाईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.